विचारून लावलेला हात

नागपूरच्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण खर्रा गल्लीच्या तोंडाशी मिळतच राहिला. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, वीज मंडळात लाइनमन होता. खांबावर चढायच्या आधी एक पुडी आणि उतरल्यावर एक, हा त्याच्या गँगमधल्या सगळ्यांचाच शिरस्ता. निवृत्तीनंतर त्याच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग भरायचं नाव न घेणारी जखम झाली आणि तोंड उघडेनासं झालं. भाकरीचा तुकडा तो कडेने आत सरकवायला लागला, तेव्हा वहिनीने मला फोन केला.

निघाला तो गालाचा कॅन्सर. उपचार काय झाले, किती सेंटिमीटर काय होतं, हे सगळं फाईलमध्ये आहे. मला लिहायचंय ते दादाच्या शुश्रूषेबद्दल, त्याच्या अंगाला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांच्याबद्दल. वहिनीचे गुडघे गेलेले, पुतण्या पुण्याला नोकरीत. मी शाळेत शिक्षिका. त्यामुळे दवाखान्याची बाजू माझ्याकडे आली.

आमचं घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याकडे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमचे वडील दीक्षाभूमीवर होते. त्या दिवसाची गोष्ट ऐकतच आम्ही भावंडं वाढलो. समोरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली आहे. २६ नोव्हेंबरला विहारात ती मोठ्याने वाचायचा मान दादाचा, कारण त्याचा आवाज खणखणीत. 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या शब्दांशी तो जरा थांबायचा. हे सांगते, कारण पुढे जे घडलं ते आम्ही कोणत्या डोळ्यांनी पाहिलं ते कळावं.

पहिल्यांदा आम्ही शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दादाला तोंड उघडायला सांगितलं, दोन बोटंही आत जात नव्हती. बाहेरचे दोन पेशंट दारातच उभे होते. डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं खाताना मजा आली ना? आता भोगा." दादाने मान खाली घातली आणि शर्टाची वरची गुंडी उगाच काढली आणि लावली. साठी उलटलेला माणूस, ज्याने भर पावसात, मध्यरात्री खांबावर चढून लोकांच्या घरात उजेड आणला, तो वर्गात छडी खाल्लेल्या पोरासारखा बसला होता.

डॉक्टरांना राग का येतो हे मला समजतं. विदर्भात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पाहून पाहून माणूस वैतागतच असेल. पण त्या वाक्याचा परिणाम काय झाला ते सांगते. दादाने पुढचे कित्येक दिवस दुखणं लपवलं. डाव्या कानात कळ यायची, रात्री झोप लागायची नाही, पण तो कोणाला बोलला नाही. 'आपलंच पाप आहे, सहन करावं' हे त्याने मनाशी धरलं. गालाच्या कॅन्सरची कळ कानात जाते. ते डॉक्टरला कळायला हवं असतं, आणि तेच कळलं नाही. दोष दिला की पेशंट गप्प होतो, आणि गप्प पेशंटवर उपचार कसा करणार?

मग आम्ही एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे तपासणीच्या खोलीबाहेर एक वयस्क सिस्टर फाईल भरत होत्या. त्यांनीही तोच विषय काढला. "दादा, दिवसाला किती पुड्या होत होत्या?" दादाने आकडा सांगितला. तो आम्हालाही माहीत नव्हता. "शेवटची कधी?" "काल संध्याकाळी." सिस्टरनी लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "आता सोडल्यावर चार-आठ दिवस चिडचिड होईन, झोप उडन. झालं तं सांगजा, लपवू नका. त्याच्यावर इलाज आहे." बस एवढंच. घरी येताना ऑटोत दादा स्वतःहून कानाच्या कळेबद्दल बोलला.

शिकाऊ डॉक्टरांचंही असंच. सरकारी दवाखाना म्हटलं की विद्यार्थी असणारच, आणि त्यांनी कोणाकडून तरी शिकलंच पाहिजे. एका सकाळी सात-आठ जणांनी एकामागून एक दादाच्या तोंडात टॉर्च मारला, बोटं घालून पाहिली, इंग्रजीत बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले. दादाच्या ओठांच्या कडेतून रक्त आलं होतं. दुसऱ्या एका दिवशी मोठ्या मॅडम राउंडला आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "ही पोरं शिकतायत. तुमची जखम त्यांना दाखवली तर चालेल का? नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही." दादाने मान हलवली. त्या दिवशी तर त्याने जमेल तेवढं तोंड जास्तच उघडलं आणि मागे उभ्या असलेल्या पोरीला दिसत नव्हतं म्हणून मान तिच्याकडे वळवली. तपासणी तीच होती, दुखणंही तेवढंच होतं.

इथे पैशाचीही एक बाजू आहे, ती सांगून टाकते. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होणार होतं. त्यासाठी कागदपत्रं, फोटो, मंजुरी, सगळ्या खिडक्यांवर मी फिरले. ते ठीक आहे. पण 'योजनेचा पेशंट' हे दोन शब्द काही जण असे उच्चारतात, की समोरच्याने हात पसरलेत असं वाटावं. दादाने आयुष्यभर कर भरला होता. एका खिडकीवरच्या बाबूंना मी शांतपणे विचारलं, "साहेब, याचं नाव फाईलवर लिहिलेलं आहे, ते घ्या ना." त्यांनी घेतलं. तेवढं ऐकणारी माणसंही असतात.

ऑपरेशनला तिथे सगळे 'कमांडो' म्हणतात. गालाचा भाग, जबड्याचं अर्धं हाड आणि मानेतल्या गाठी काढतात, आणि मोकळी झालेली जागा छातीवरच्या स्नायूसकट कातडी वर ओढून भरतात. श्वासासाठी गळ्यात नळी बसवतात, त्यामुळे काही दिवस आवाज निघत नाही. हे सगळं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. पण आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर येऊन दादाजवळ बसल्या. याच पुढे आमच्या सगळ्यात जवळच्या सिस्टर झाल्या. तिशीच्या असतील, भंडाऱ्याकडच्या.

"दादा, उद्यापासून काही दिवस बोलता येणार नाही. आजच ठरवून घेऊ कशाला कोणती खूण. तुम्हीच सांगा, तुमच्या लक्षात राहीन अशी."

दादा जरा विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला. खांबावरून खाली ओरडलेलं वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या गँगच्या हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या. तळहात खाली करून आडवा फिरवला की 'लाइन बंद कर'. मूठ वर केली की 'दोर ओढ'. दोन बोटं हलवली की 'थांब, बघू दे'. सिस्टरनी आणि दादाने मिळून त्यांना नवे अर्थ लावले. मूठ वर म्हणजे उशी उंच करा. दोन बोटं म्हणजे दुखतंय. आडवा तळहात म्हणजे जे काही करताय ते आत्ताच्या आत्ता बंद करा. सिस्टरनी ते कागदावर लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवलं आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरलाही सांगून ठेवलं.

या शेवटच्या खुणेचं मोल मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. गळ्यातल्या नळीत कफ साचतो, तो बारीक नळी आत घालून मशीनने ओढून काढावा लागतो. त्या वेळी माणसाला गुदमरल्यासारखं होतं, डोळ्यातून पाणी येतं, सगळं अंग उचललं जातं. सिस्टर आधी सांगायच्या, "दादा, आता नळी साफ करून राहिली. खोकला येईन. मी दहा मोजते, त्याच्यावर एक नाही." आणि खरंच मोठ्याने मोजायच्या. एकदा सातवर असताना दादाचा तळहात आडवा फिरला. सिस्टरनी त्या क्षणी नळी बाहेर काढली आणि त्याला श्वास घेऊ दिला. "झालं तुमचं? करू परत?" दादाने मान हलवली, मग पुन्हा सुरू. ज्याच्या नाकात, गळ्यात, मानेत, लघवीच्या जागी नळ्या आहेत, ज्याला कूसही बदलता येत नाही, त्या माणसाच्या हातात अख्ख्या वॉर्डात एकच गोष्ट उरली होती, आणि ती म्हणजे 'थांबा' म्हणायची सोय. ती खूण मानणारी बाई समोर आहे हे कळल्यापासून त्याला कफ काढायची भीती वाटेनाशी झाली. तळहात त्याने पुढे फारसा वापरलाही नाही.

बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं लोक का धरून चालतात मला कळलेलं नाही. भेटायला आलेले नातेवाईक दादाच्या कानाशी ओरडायचे. वॉर्डातला कोणी त्याच्या समोरच मला विचारायचा, "पेशंटला दुखतंय का? पेशंटने संडास केली का?" मी म्हणायची, "त्यालाच विचारा, तो लिहून देतो." त्याच्याकडे दोनशे पानी वही आणि दोरीने बांधलेला पेन होता. काही जण थांबून वाचायचे. काही जण त्याचं लिहून होईपर्यंत निघून गेलेले असायचे आणि वाक्य अर्धंच राहायचं. ती वही माझ्याकडे आहे आणि अशी अर्धी वाक्यं तिच्यात पुष्कळ आहेत.

अंग पुसणं ही गोष्ट मी त्या सिस्टरकडून शिकले, आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी कोणाला ना कोणाला ती करावी लागते. वॉर्डात खाटांमध्ये पडदे नव्हते. एक फिरता पडदा होता, तो दुसऱ्या टोकाला अडकलेला. सिस्टरनी दोन चादरी घेतल्या. एक माझ्या हातात दिली, दुसरी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलाच्या हातात. तो गडचिरोलीकडचा. "दोघं इथं उभे राहा, तोंड बाहेर करून. आत कोणी पाहायचं नाही, ताई, तुम्हीबी नाही." मी सख्खी बहीण. पण दादाला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं, हे त्यांना न विचारता कळलं.

कोमट पाण्याच्या दोन बादल्या, एक साबणाची, एक साधी. एक हात पुसायचा, कोरडा करायचा, झाकायचा, मगच दुसरा. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, बाकी सगळं अंग चादरीखाली. पाठीला, माकडहाडाला, टाचांना नीट पाहायचं, कातडी लाल झाली का, कारण तिथून जखमा सुरू होतात. दर दोन तासांनी कूस बदलायची ती त्यासाठी. शेवटी ओलं फडकं पिळून त्यांनी दादाच्या उजव्या हातात दिलं. चादरीपलीकडून मला फक्त आवाज आला, "खालचं तुम्ही करा दादा. मी पाठ करून उभी आहे. झालं की खाटेवर टिचकी मारा." थोडा वेळ गेला. मग टिचकी ऐकू आली.

त्या दिवशी संध्याकाळी दादाने वहीत लिहिलं, 'आज आंघोळ झाली.' आधीच्या दिवशीही त्याचं अंग पुसलेलं होतं. तेव्हा त्याने काही लिहिलं नव्हतं.

आदल्या दिवशी ज्यांनी पुसलं त्या सिस्टरबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. त्यांनी चादर बाजूला केली, भराभर पुसलं, पुढे गेल्या. पण त्या रात्री वॉर्डाच्या दोन्ही रांगा मिळून त्या एकट्याच होत्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणात शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका हवी. अतिदक्षता विभागात एकाला एक. रात्री दोन वाजता मी स्वतः खाटा मोजल्या आहेत, त्या प्रमाणाच्या जवळपासही काही नव्हतं. सलाईन, इंजेक्शन, नोंदी, मेलेल्या माणसाचे कागद, त्याच्या नातेवाइकांचा आक्रोश, हे सगळं एका बाईच्या अंगावर. पेशंटला माणसासारखं वागवा असं सिस्टरना सांगणाऱ्यांनी आधी त्या पाळीला दुसरी सिस्टर द्यावी, हे माझं ठाम मत आहे. तरीही, सगळा दोष गर्दीवर टाकून मोकळं होता येत नाही. 'तुमचं नाव काय' विचारायला आणि 'आता चादर काढते' सांगायला वेगळा वेळ लागत नाही. ते तोंडाने बोलताना हात चालूच असतात. भंडाऱ्याच्या सिस्टरलाही खाटा तेवढ्याच होत्या.

आरशाचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. चेहऱ्याची पट्टी निघाली तेव्हा दादा हाताने गाल चाचपत होता. सिस्टरनी विचारलं, "पाहायचं आहे का? आजच पाहायलाच पाहिजे असं नाही. सूज आहे, ती उतरन. पाहायचं तं कोण जवळ पाहिजे?" दादाने लिहिलं, 'उद्या. फक्त तुम्ही.' दुसऱ्या दिवशी मला आणि वहिनीला त्यांनी चहाला पाठवलं. आत काय झालं ते आम्हाला कोणीच सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. एवढं कळलं, की सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं, छातीची कातडी तोंडात बसवलीय, तिच्यावर केस येऊ शकतात, घाबरू नका. वहीत त्या तारखेला दादाचं वाक्य आहे, 'म्हणजे आता दाढी दोन्हीकडून.' ऑपरेशननंतरचा त्याचा तो पहिला विनोद.

घरी आल्यावरही दादाचं बोलणं वहीतूनच चालू राहिलं, आणि नाकातल्या नळीने जेवण सुरू झालं. डोक्याकडची बाजू उंच करायची, सिरिंज वर धरून पेज, वरणाचं पाणी, दूध हळूहळू उतरू द्यायचं, दाबायचं नाही, शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. ते जमलं. जमत नव्हतं ते आमचं स्वतःचं जेवण. तो खाऊ शकत नाही म्हणून आम्ही स्वयंपाकघरात दार लोटून, ताटं वाजू न देता जेवायचो. एका रविवारी पुतण्या तर्री-पोहे घेऊन आला आणि ती पिशवी आम्ही मागच्या दाराने आत नेली. दादाने टेबलावर वही आपटली. 'माझ्यासमोर जेवा. मी घरात आहे.' त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी त्याची खुर्ची आमच्यात. त्याची सिरिंज आणि आमची ताटं एकाच वेळी. तर्रीचा वास त्याला यायचा, आणि तो डोळे मिटून घ्यायचा. ते पाहणं सोपं नव्हतं, पण दार लोटून जेवण्यापेक्षा बरं होतं.

रेडिएशन एप्रिल-मेमध्ये आलं. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, चेहऱ्यावर जाळीचा साचा घट्ट बसवून टेबलाला अडकवतात. ओठांची एक कड खाली ओघळलेली, लाळ सतत गळायची, त्यामुळे दादाला बाहेर पडायचा संकोच. पण नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि दुपारी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस दुपट्ट्याने डोकं-तोंड बांधून फिरतो. दादाने पांढरा दुपट्टा बांधला आणि बसस्टॉपवर कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते दोन महिने तो खुशाल हिंडला, पंचशील चौकात उभं राहून लोकांची गंमत पाहिली. जून लागला, पाऊस आला, दुपट्टे सुटले आणि तो पुन्हा घरात बसला.

दिवाळीच्या सुमारास मानेवर गाठ आली, ती फुटली. पुढची सगळी शुश्रूषा त्या जखमेची होती.

वासाबद्दल लोक लिहित नाहीत, म्हणून मी लिहिते. अशा जखमेला इतका वास येतो की खोलीच्या दारातच माणूस थबकतो. नातवंडांना आत पाठवेनात. शेजारच्या काकू पदर नाकाला लावून दोन मिनिटं बसायच्या. दादाला सगळं दिसायचं. तो कोणी आलं की भिंतीकडे तोंड करायचा. ड्रेसिंगला आम्ही त्याच दवाखान्यात जायचो, आणि ते ड्रेसिंग रांगेसमोरच्या जागेत, उघड्यावर व्हायचं. आडोसा नाही, बसायला धड स्टूल नाही. पट्टी सुटली की रांगेतली माणसं मागे सरकायची. समोरच्या भिंतीवर रुग्णहक्कांचा फलक होता. दादाची पाळी येईपर्यंत मी तो वाचून काढला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात १७ हक्क आहेत, त्यांपैकी एक गोपनीयता, मानवी प्रतिष्ठा आणि एकांत यांचा. फलक चांगल्या अक्षरात होता.

वेदनाशामक विभागातल्या सिस्टरनी आम्हाला वासावर उपाय सांगितला. मेट्रोनिडाझोलच्या साध्या, स्वस्त गोळ्या कुटून त्याची पूड स्वच्छ केलेल्या जखमेवर भुरभुरायची. वास जंतूंमुळे येतो आणि ही पूड त्याच जंतूंवर काम करते. काही दिवसांत फरक पडला. धाकटी नात त्याच्या खाटेवर चढून अभ्यासाला बसली. इतके महिने धीर दे, समजून घे, लोकांचं मनावर घेऊ नकोस असं आम्ही त्याला सांगत होतो, आणि खरी गरज दहा-वीस रुपयांच्या गोळ्यांची होती. ते आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, याचा मला आजही संताप येतो.

एकदा जखमेत किडे पडले. हे लिहिताना कसंतरी होतं, पण पावसाळी हवेत माश्या बसल्या की होतं, आणि घरोघर लोक ते लपवतात, पूर्वजन्मीचं काहीतरी समजतात. मी हादरले होते. सिस्टरनी दादाच्या डोळ्यात पाहून सांगितलं, "दादा, माशी बसली होती, अंडी घातली, किडे झाले. मी काढते. टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की वर येतात. तुमचा काही दोष नाही." मग चिमट्याने एकेक काढत राहिल्या. चेहरा जसा होता तसाच. मधून मधून दादाच्या जुन्या खांबांच्या गोष्टी विचारत होत्या आणि तो वहीत उत्तरं लिहीत होता.

मॉर्फिनवरून घरात वाद झाला. 'आता हे व्यसन कशाला?' असं मामांचं म्हणणं. खर्ऱ्यावरून आयुष्यभर बोलणी खाल्लेल्या माणसाला दुखणं कमी करायच्या गोळीवरूनही बोलणी. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून सांगते आहे, आपल्याकडचा अंमली पदार्थांचा कायदाही २०१४ साली याच कारणासाठी सैल केला, आणि दुखण्यासाठी मोजून दिलेली गोळी म्हणजे नशा नव्हे. दर चार तासांनी गोळी, सोबत पोट साफ व्हायचं औषध न चुकता. त्या आठवड्यात दादा किती तरी दिवसांनी सलग झोपला.

पुढचं विचारायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नातेवाईक जरा बाहेर या." आम्ही उठलो. दादाचा तळहात आडवा फिरला. लाइन बंद. डॉक्टरांना ती खूण माहीत नव्हती, मी सांगितली. ते परत बसले. दादाने लिहिलं, 'माझं आहे. मला सांगा.' मग त्यांनी त्यालाच सांगितलं, पूर्ण, न घाईने. मशीनवर ठेवायचं का हेही त्यालाच विचारलं. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलेलं आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दादाने लिहिलं, 'मशीन नको. घर. दुखू देऊ नका.' खाली सही केली, पूर्ण नावाने, जशी तो मस्टरवर करायचा.

तो घरीच गेला, फेब्रुवारीत, पहाटे, वहिनी जवळ होती. त्याने वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, की नळी काढा, जखमेवर स्वच्छ पांढरी पट्टी बांधा, पण चेहरा झाकू नका. काही नातेवाइकांना ते पटलं नाही, बायाबापड्या घाबरतील म्हणाले. वहिनीने वही दाखवली. मी आणि पुतण्याने सिस्टरनी शिकवलं तसंच त्याचं अंग पुसलं, एक हात पुसून झाकायचा, मग दुसरा. विहारातले सगळे आले, त्याच्या गँगमधले म्हातारे लाइनमन आले. सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला. कोणी घाबरलं नाही.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवायच्या नसतात, त्या परत कराव्या लागतात. त्या द्यायला गेले तेव्हा सोबत एक अर्ज नेला. ड्रेसिंगच्या जागेला पडदा, पेशंटला बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आणि बोलता न येणाऱ्या पेशंटसाठी प्रत्येक खाटेला वही-पेन, एवढ्या तीन मागण्या. खाली त्या फलकावरच्या हक्काचा उल्लेख. आवक-जावकचा शिक्का मारून घेतला. मधून मधून शाळा सुटल्यावर जाऊन विचारून येते. पडदा लागलाय, निळ्या कापडाचा, नीट सरकतो. वह्या आमच्या शाळेतली मुलं जमवून देतात, त्या वॉर्डात पोचतात. खुर्ची मंजूर झालीय असं सांगतात, अजून आलेली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.